चार बॅगा, एक डिकी आणि ‘ठरलेलं’ भाडं

ताई, स. न. वि. वि.

आम्ही कोथरूडला राहतो. मी ६६, हे ७१. लेक न्यू जर्सीला असते. गेल्या वर्षी तिच्याकडे गेलो तेव्हा घर ते मुंबई विमानतळ गाडी फोनवर ३,६०० रुपयांना ठरवली होती. टर्मिनलवर बॅगा उतरवताना ड्रायव्हरने वर ८२० मागितले. टोल ३२०, नाईट ३००, लगेज २००. यांचा पारा चढला. मागे गाड्यांची रांग, पोलीस शिट्ट्या मारतोय आणि हे भर रस्त्यात हातवारे करताहेत. शेवटी पाचशे दिले, पण फ्रँकफर्ट येईपर्यंत हे माझ्याशीही धड बोलले नाहीत. येताना पैसे वाचवायचे म्हणून शेअर गाडीत दोन सीट घेतल्या. रात्री १ ला उतरलो, गाडी भरेपर्यंत ३ वाजले, आणि वाकड, बाणेर, औंध, शिवाजीनगर करत सकाळी साडेसातला घरी पोचलो.

आता पुन्हा जायचंय. विमान सोमवारी, १३ जुलैला, रात्री १:४० चं. लेक म्हणते, मी इथून कार्डाने पैसे भरून गाडी बुक करते. हे म्हणतात, पैसे आधी दिले की माणूस फिरकत नाही. शिवनेरीने दादरला जाऊ, तिथून टॅक्सी करू. कोणाचं ऐकू? आणि तो ड्रायव्हर चोर होता का हो?

— दोघांच्या मध्ये, कोथरूड

*

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण वर्ष झालं तरी तो तुम्हाला सलतोय. नाही, चोर नव्हता. ८२० मधले ३२० त्याच्या हक्काचे होते, ३०० वर वाद घालता आला असता, आणि २०० त्याने तुमची तोंडं बघून मागितले. यजमानांनी पाचशेवर तोडलं. तो आकडा रागाच्या भरात निघाला असला तरी हिशोबाला फारसा चुकलेला नाही, हे त्यांना माझ्याकडून जरूर सांगा.

फोनवर काय झालं असणार ते मी न ऐकता सांगते. तुम्ही विचारलंत, ‘एअरपोर्टचे किती घ्याल?’ पलीकडून आलं, ‘छत्तीसशे.’ ‘काही कमी?’ ‘नाही साहेब, फिक्स आहे.’ ठरलं. आता आपल्याकडे टुरिस्ट गाडीच्या धंद्यात आकडा बोलतात तो गाडी, तेल आणि ड्रायव्हर यांचा. टोल-पार्किंग वेगळं हे न बोलता धरलेलं असतं. त्याला ते इतकं उघड वाटतं की सांगायचं सुचतच नाही, आणि आपल्याला ‘फिक्स’ म्हणजे फिक्स. दोघंही खरं बोलतात आणि दोघंही टर्मिनलवर भांडतात. द्रुतगती मार्गाचा टोल तेव्हा मोटारीला एका फेरीचे ३२० रुपये होता, एप्रिल २०२३ पासूनचा दर. ते त्याच्या फास्टॅगमधून गेले, म्हणून त्याने मागितले. वाशीच्या नाक्यावर मात्र मोटारींना १५ ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. मुंबईत शिरायच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना तो माफ झाला. ‘वाशीचा टोल’ म्हणून कोणी वेगळा आकडा लावला तर तो सरळ कापा. कुणी ‘अटल सेतूने नेतो, झटक्यात पोचाल’ म्हणाला तर त्याचे २५० कोण भरणार ते आधी विचारा. तो पूल शिवडीला उतरवतो, तिथून सहारला, म्हणजे मुंबई विमानतळाला, पुन्हा वर यायचं. वाशीकडे फारच तुंबलं असेल तर ठीक, एरवी त्या वाटेला जायचं कारण नाही.

रात्रीच्या भत्त्याचं असं आहे की बहुतेक गाडीवाले रात्री दहा-अकरा ते पहाटे पाच-सहा या वेळात गाडी चालली तर तो लावतात. तुम्हाला सोडून तो त्याच रात्री घाट चढून परत आला असेल, त्याअर्थी मागणं अगदीच वावगं नाही. पण ते आधी सांगायचं असतं. आणि ‘लगेज’ म्हणून दोनशे कशाचे? बॅगा काही वाटेत उपटल्या नव्हत्या, कोथरूडला त्यानेच डिकीत घातल्या होत्या.

हा घोळ आपल्याकडेच आहे असं समजू नका. न्यूयॉर्कला जेएफके विमानतळ ते मॅनहॅटन या पल्ल्याला पिवळ्या टॅक्सीचं भाडं चक्क शहराने ठरवून दिलंय, डिसेंबर २०२२ पासून ७० डॉलर. त्यातही टोल वेगळा, टिप वेगळी, संध्याकाळच्या गर्दीत अधिभार वेगळा. फरक एवढाच की हे सगळं तिथे गाडीत लिहिलेलं असतं. आपल्याला ते लिहून घ्यावं लागतं. कसं, ते पुढे सांगते.

आधी ही ठरलेल्या भाड्याची भानगड मुळात चालते कशी ते बघा, म्हणजे तुमच्या परतीच्या रात्रीचंही कोडं सुटेल. कोथरूडहून सहार साधारण दीडशे किलोमीटर. जाताना तुम्ही गाडीत, पण येताना? तुम्हाला सोडल्यावर ड्रायव्हर रिकामा आला तर तेल, टोल, वेळ सगळं त्याच्या अंगावर. म्हणून पूर्वी गाडीवाले जाण्या-येण्याचं डबल भाडं घ्यायचे. एकेरी भाडं परवडतं ते परतीचं गिऱ्हाईक मिळेल या भरवशावर. तुम्हाला फोनवर सांगितलेला आकडा म्हणजे त्या भरवशाची किंमत. परतीचं भाडं आधीच हातात असलेला गाडीवाला स्वस्त सांगतो, नसलेला जास्त सांगतो किंवा मग टर्मिनलवर भरून काढतो. शेअर गाडीत हेच उलट्या बाजूने दिसतं. तुम्ही दोघं बसलात, पण सगळ्या सीट भरल्याशिवाय तिचा हिशोब जमत नाही, म्हणून ३ वाजेपर्यंत तुम्ही अनोळखी लोकांच्या विमानाची वाट बघत बसलात. आणि वाकड पुण्याच्या तोंडाशी, कोथरूड त्या क्रमात शेवटी. यात कोणी तुम्हाला फसवलं नाही. सीट स्वस्त मिळाली, वेळ महाग पडला. पाठीवर सॅक घेऊन आलेल्या पंचविशीतल्या पोरासाठी ही सोय उत्तम आहे. सतरा-अठरा तासांचा प्रवास करून सुजलेल्या पायांनी उतरलेल्या माणसांसाठी नाही.

तेव्हा पहिला सल्ला असा, की या वेळी जाताना-येताना दोन्हीकडे अख्खी गाडी करा, घर ते टर्मिनल, भाडं आधी ठरवून. लेकीचं हे म्हणणं बरोबर आहे. ‘ऐन वेळी ॲपवरून मागवू’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. गावातल्या गावात मीही ॲपच वापरते. पण लांबचं भाडं पडलं की ‘कुठं जायचंय? कॅश का ऑनलाइन?’ असा फोन येतो, आणि उत्तर पसंत पडलं नाही की नकाशावरची ती चिमुकली गाडी हळूच तोंड फिरवते. शिवाय पाऊस लागला की भाडं फुगतं. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मागणीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत जायला मुभा आहे. जुलैतली रविवार संध्याकाळ म्हणजे कसली वेळ, हे मी सांगायला नको.

हो, रविवार. इथे जरा थांबा आणि भिंतीवरचं कालनिर्णय बघा. तिकिटावर १३ जुलै, रात्री १:४० लिहिलंय. म्हणजे घरातून निघायचं रविवारी, १२ तारखेला. हसू नका. मी स्वतः हा पराक्रम केलाय. विमान २२ तारखेला रात्री १२:५० चं, आणि मी मोठ्या ऐटीत २२ च्या संध्याकाळची गाडी सांगून ठेवली. २१ ला दुपारी निवांत भाजणीचं पीठ चाळत बसले होते, तर फोनवर विमान कंपनीचा निरोप: आपलं चेक-इन सुरू आहे. दोन मिनिटं मला वाटलं, यांचंच काहीतरी चुकलंय. मग जी धावपळ झाली ती झाली. पिठाची चाळण परत आले तेव्हा ओट्यावर तशीच होती. त्या गाडीवाल्याचा काही दोष नव्हता, त्याने मी सांगितलेली तारीख लिहून घेतली. म्हणून गाडी सांगताना नुसती तारीख सांगत जाऊ नका. वार सांगा, आणि ‘विमान त्याच रात्री उशिरा आहे’ हेही जोडा. अनुभवी गाडीवाला स्वतःहून उलट विचारतो, ‘म्हणजे काकू, रविवारी निघायचं ना?’ असा भेटला की त्याचा नंबर जपून ठेवा.

आता रविवार संध्याकाळ, पुण्याहून मुंबईकडे, जुलै महिना. शनिवारी लोणावळ्याला आलेली, भुशी धरणात भिजलेली निम्मी मुंबई त्याच वेळी घरी निघालेली असते, आणि तुम्ही त्यांच्याच ओळीत. अमृतांजन पूल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडला तेव्हा वाटलं होतं, घाट सुटला. सुटला नाही. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड आली होती, ती वेळ तुम्हाला आठवत असेल. एरवी साडेतीन तासांत होणाऱ्या रस्त्याला तुमच्या रविवारी साडेपाच धरा. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, म्हणजे साडेदहाच्या आत. मी असते तर दुपारी ४ ला गाडी दारात हवी म्हटलं असतं. रस्ता मोकळा मिळाला आणि आठलाच पोचलात तर काय बिघडलं? पोळी-भाजीचा डबा बरोबर घ्या, वाटेत फूड मॉलवर बसून खा. आणि ड्रायव्हरला ‘जरा दाबा’ असं म्हणायची पाळी येऊ देऊ नका. द्रुतगती मार्गावर मोटारीला कमाल वेग १००, घाटात ६०. उशिरा निघालेल्या माणसालाच तो कमी वाटतो.

शिवनेरीबद्दल. यजमानांची भक्ती मी समजू शकते. आमच्या पिढीने दादरच्या एशियाडच्या रांगेत आयुष्याचे किती तास घालवले असतील, मोजवत नाहीत. पुणे स्टेशनच्या टॅक्सीत सीट भरेपर्यंत ‘एक दादर, एक दादर’ ऐकत बसलोय. शिवनेरी आजही चांगली आहे, हातात एक बॅग आणि दुपारचं विमान असेल तर मी स्वतः तीच घेईन. पण तुमच्याकडे चार मोठ्या बॅगा असणार. दादरला पावसात उतरायचं, चार बॅगा फुटपाथवर मांडायच्या, एकाने त्या राखायच्या आणि दुसऱ्याने टॅक्सी शोधायची. मुंबईच्या साध्या टॅक्सीत त्या चारही मावणार नाहीत, म्हणून मग दोन टॅक्स्या. ७१ व्या वर्षी हे करून दाखवता येईल, प्रश्नच नाही. पण वाचलेल्या पैशांत नंतर कंबरेचा पट्टा घ्यावा लागेल.

आता डिकीकडे वळू, कारण माझ्या मते निम्मी भांडणं तिथे सुरू होतात. अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या माणशी दोन बॅगा देतात, २३ किलोची एक. आपण त्या २२.८ पर्यंत भरतो, वजनकाटा तीनदा बघतो. दोघांच्या चार. वर हातातल्या दोन, तुमची पर्स, यांची औषधांची पिशवी, आणि लेकीसाठी शेवटच्या क्षणी आठवलेला गोडा मसाला. आता समोर गाडी उभी राहते ती सीएनजीची सेडान. डिकी उघडली की समोर आडवी टाकी, आणि उरलेल्या फटीत एक बॅग, फार तर दुसरी उभी. मग तिसरी पुढच्या सीटवर पट्टा लावून बसते, चौथी मागे तुमच्या दोघांच्या मध्ये, आणि दीडशे किलोमीटर तिचं चाक तुमच्या गुडघ्यात. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, पण त्याने ‘लगेज’ म्हणून दोनशे मागितले त्याअर्थी असंच काहीसं झालं असणार. काही नव्या गाड्यांत दोन बारीक टाक्या खाली बसवलेल्या असतात आणि डिकी बरीच मोकळी राहते. पण तुमच्या वाट्याला कुठली येईल याचा नेम नाही.

चार मोठ्या बॅगांना अर्टिगा किंवा इनोव्हा सांगायची, मागची सीट पाडून. भाडं सेडानपेक्षा जास्त पडेल, ते द्या. सेडानवर कॅरिअर लावतो म्हणाला तर पावसाळ्यात नको. ताडपत्री कितीही बांधली तरी खालापूर येईपर्यंत एक कोपरा सुटतोच, आणि तो नेमका साड्यांच्या बॅगेवर. माझी एक युक्ती सांगते. बॅगा भरून झाल्या की हॉलमध्ये ओळीने उभ्या करा, शेजारी यजमानांना उभं करून फोटो काढा, आणि तो गाडीवाल्याला पाठवा. शब्दांत ‘चार बॅगा’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे लग्नाला जाताना नेतात तसल्या चार पिशव्या येतात. फोटो बघितला की तोच म्हणतो, ‘मोठी गाडी लागेल.’

गाडी दारात आली की आधी पाटी बघा. पिवळ्या पाटीवर काळे आकडे, विजेवरची असेल तर हिरव्या पाटीवर पिवळे. पांढऱ्या पाटीची गाडी आली, ‘आमच्याच भावाची आहे, आमची आज सर्व्हिसिंगला गेली’ वगैरे सुरू झालं, तर बसू नका. खासगी गाडी भाड्याने चालवायला परवानगी नसते, आणि देव न करो, काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. दुपारी ४ ची वेळ सांगायचं हेही एक कारण. दुसरी गाडी मागवायला हाताशी तासभर राहतो.

पैसे आधी द्यायचे की नाही यावर मात्र मी यजमानांच्या बाजूची, निदान अर्धी. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नयेत. थोडा ॲडव्हान्स द्या, बाकीचे टर्मिनलवर बॅगा खाली उतरल्यानंतर. ॲडव्हान्स घेतलेला माणूस सहसा चुकत नाही, आणि पुरते मिळालेले नसतात म्हणून दार लावायच्या आत निघूनही जात नाही. लेकीला पैसे द्यायचेच असतील तर तुमच्या खात्यात पाठवू दे. तिने तिकडून बुकिंग करण्यात एक बारीक अडचण आहे, ती कोणाच्या लक्षात येत नाही: बुकिंगला नंबर तिचा लागतो. मग ड्रायव्हरचा फोन न्यू जर्सीला, गाडीचा नंबर न्यू जर्सीला, आणि ‘ओटीपी सांगा’ म्हणून ड्रायव्हर कोथरूडला तुमच्या तोंडाकडे बघतोय. तुम्ही चारला निघाल तेव्हा तिच्याकडे पहाटेचे साडेसहा वाजलेले असतील, तेही रविवारचे. ती बिचारी झोपेत. बुकिंग कोणीही करो, नंबर तुमचा द्यायचा. यजमानांचा नको. त्यांचा फोन खिशात सायलेंटवर असतो, असा माझा सगळ्या यजमानांबद्दलचा अनुभव आहे.

आणि ते लिहून घेण्याचं. तीन गाडीवाल्यांना विचारा. दोघांपेक्षा एखादा बराच स्वस्त सांगत असेल तर त्याने काहीतरी आकड्याबाहेर ठेवलंय असं समजून पुन्हा विचारा. मग ज्याचं पटेल त्याला व्हॉट्सॲपवर हा मजकूर पाठवा, आकडा तुमचा तुम्ही भरा:

‘रविवार १२ जुलै, दुपारी ४ वाजता. कोथरूड ते मुंबई विमानतळ, सहार, टर्मिनल २. विमान त्याच रात्री उशिरा १:४० चं. माणसं २, मोठ्या बॅगा ४, छोट्या २, फोटो पाठवला आहे. अर्टिगा, मागची सीट पाडून. एकूण रुपये अमुक. यात टोल, पार्किंग, रात्रीचा भत्ता, जीएसटी, सामान सगळं धरलेलं आहे. वाटेत एक थांबा. ॲडव्हान्स अमुक, बाकी उतरल्यावर. मान्य असेल तर “हो” लिहा.’

त्या ‘हो’ वर घासाघीस होत नाही. ‘नाही ताई, पार्किंग वेगळं’ असं उत्तर आलं तरी हरकत नाही, उलट बरंच. आता ते कोथरूडच्या सोफ्यावर बसून ठरतंय.

टर्मिनलचं नाव मुद्दाम घातलंय. अमेरिकेचं विमान टर्मिनल २ वरून, म्हणजे सहारहून, हे तुम्हाला माहीत आहे. पण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं उडू लागलीत, त्यामुळे ‘मुंबई एअरपोर्ट’ एवढं म्हणून आता भागत नाही. तिकिटावर बीओएम लिहिलं असेल तर सहार-सांताक्रूझ, एनएमआय असेल तर पनवेलच्या अलीकडे-पलीकडे. गोव्याला २०२३ मध्ये मोपा सुरू झालं तेव्हा दाबोळीच्या दारात उभे राहून तिकीट पुन्हा वाचणारे आमच्या ओळखीतच दोन निघाले. तुमच्या बाबतीत हा घोळ व्हायचा नाही, पण परत आल्यावर कुठे नागपूर-दिल्लीला निघालात तर ध्यानात असू द्या.

परतीची गाडी जाण्याच्या गाडीपेक्षा अवघड. तिकडे असताना तुमचं इथलं सिम झोपलेलं असतं, रिचार्ज संपलेलं असतं, आणि उतरल्यावर ड्रायव्हरला फोन लावायला जाता तर लागत नाही. निघायच्या आदल्या दिवशी लेकीकडून रिचार्ज करून घ्या. गाडीवाल्याला विमानाचा नंबर द्या, नुसती वेळ नको, म्हणजे उशीर झाला तर तोच बघेल. एक प्रश्न आवर्जून विचारा, वेटिंग कधीपासून मोजता? विमान टेकल्यापासून, की आम्ही सांगितलेल्या वेळेपासून? विमान टेकल्यावर इमिग्रेशन, बॅगांचा पट्टा, कस्टम करत बाहेर यायला तास-दीड तास सहज जातो. ‘पहिला तास मोफत’ हे ऐकायला छान वाटतं, पण तो तास तुम्ही बॅगेची वाट बघत आतच घालवलेला असतो. दीड-दोन तास मोफत मागा. आणि भेटायचं कुठे? कोणता मजला, कोणता खांब, हे ड्रायव्हरला लिहून पाठवायला सांगा. ‘बाहेर आलात की फोन करा’ यावर थांबू नका.

या प्रवासात मला खरी भीती एकाच गोष्टीची वाटते, आणि तिचा पैशाशी संबंध नाही. रात्री १ ला उतरायचं, अडीचला निघायचं, म्हणजे घाट पहाटे साडेतीन-चारला. तुम्ही मागे झोपलेल्या, हे झोपलेले, आणि पुढचाही कधी एक क्षण. ठरवतानाच विचारा, ड्रायव्हर दिवसभर गाडी चालवून येणार आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा बघा. वाटेत फूड मॉलवर त्याला चहा पाजा, तुम्हाला नको असला तरी. दोघांपैकी एकाने जागं राहून त्याच्याशी गप्पा माराव्यात. हे काम यजमानांना द्या. टोल या विषयावर ते खालापूरपासून उर्से येईपर्यंत सहज बोलतील.

तिकिटं काढायची असती तर आणखी एक सुचवलं असतं. पुण्याच्याच लोहगाव विमानतळावरून दिल्लीमार्गे एकाच तिकिटावर गेलं की हा मुंबईचा रस्ताच वगळता येतो आणि बॅगा थेट पुढे जातात. दोन वेगळी तिकिटं मात्र नकोत, देशातल्या विमानात साधारण १५ किलोच सोडतात. पुढच्या वर्षी बघा.

गाडी ठरवायचा फोन यजमानांनाच करू द्या. त्यांना घासाघीस आवडते, आणि समोर वर लिहिलेला मजकूर असला की तिचा उपयोगही होईल. टर्मिनलवर पैसे मात्र तुम्ही द्या.

रविवारी दुपारी तीनला ड्रायव्हरला फोन करा. ‘निघालोय’ म्हणाला तर विचारा, ‘कुठपर्यंत आलात?’ चांदणी चौक, करिष्मा सोसायटी असं एखादं नाव ऐकू आलं तर बॅगा लिफ्टपाशी आणा. ‘हे काय, पोचतोच’ एवढंच आलं तर दोघांसाठी आणखी एक कप चहा टाका.